व्हीटी२२० वर अक्षरं बिघडतात, स्क्रीन गोठते: पुन्हा पुन्हा येणारं दुखणं आणि उपाय

लक्षणं साधारण अशी असतात. डेक कंपनीचं जुनं व्हीटी२२० टर्मिनल यूएसबी-सिरियल केबलने लिनक्स मशीनला जोडलेलं आहे. लॉगिन होतं, तासभर सगळं सुरळीत चालतं. मग एखाद्या डिरेक्टरीत ‘एलएस’ मारलं की अर्धी यादी येते आणि पुढचं उमटतच नाही. किंवा मॅन पेजमधले शब्द मध्येच गायब होतात. किंवा एका प्रोग्रॅममध्ये सगळी अक्षरं लुकलुकायला लागतात. टर्मिनल बंद करून चालू केलं की बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

इथे बहुतेक जण आधी केबल बदलतात, मग कन्व्हर्टर, आणि शेवटी ‘पिक्चर ट्यूब गेली असेल’ म्हणून मोकळे होतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. टर्मिनल बहुधा ठणठणीत असतं. व्हीटी२२० बाजारात आलं १९८३ मध्ये आणि यूटीएफ-८, म्हणजे आजची मशीनं अक्षरं बाईटमध्ये लिहितात ती पद्धत, जन्मली १९९२ मध्ये. मशीन जे बाईट पाठवतं त्यांचा १९८३ सालचा अर्थ लावून टर्मिनल आज्ञाधारकपणे तसं वागतं, आणि आपल्याला ते बिघडल्यासारखं दिसतं.

कमांड इथे बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये आणि लहान अक्षरांत. फक्त ‘टर्म’ (समोर कुठलं टर्मिनल आहे हे प्रोग्रॅमना सांगणारं), ‘लँग’, ‘एलसी_ऑल’ ही व्हेरिएबलं मोठ्या अक्षरांत.

आधी ठरवा, नक्की काय गोठलंय?

‘टर्मिनल हँग झालं’ या एका वाक्याखाली दोन वेगळी दुखणी येतात. एकात स्क्रीन मुकी होते, कीबोर्ड चालू असतो. दुसऱ्यात कीबोर्ड अडतो, स्क्रीन चालू असते. उपाय शोधण्याआधी हा फरक कळायला हवा.

सगळ्यात आधी कीबोर्डवरचे दिवे बघा. होल्ड स्क्रीनचा दिवा लागलेला असेल तर एफ१ ला धक्का लागलाय. परत दाबा, विषय संपला.

दिवा नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने त्याच मशीनवर या. गोठलेल्या टर्मिनलवर न बघता ‘टच /टीएमपी/एबीसी’ टाइप करून रिटर्न दाबा. एसएसएचमधून बघितल्यावर ती फाईल तयार झालेली दिसली तर कीबोर्ड जिवंत आहे, फक्त स्क्रीन मुकी झाली आहे. फाईल नसेल तर एसएसएचमधून उलट दिशेने ‘एको हॅलो > /डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ करा (पोर्टचं नाव तुमच्याकडे असेल ते). हॅलो उमटलं तर स्क्रीन ठीक, कीबोर्ड अडलेला. यासाठी बहुधा रूट व्हावं लागेल.

दोन्हींवर तात्पुरता उपाय एकच आहे. एफ३ दाबून सेट-अपमध्ये जा, पहिल्याच पानावरच्या ‘क्लिअर कॉम’ वर बाणाने या आणि अंकपट्टीवरचं एंटर दाबा. अर्धवट राहिलेली कुठलीही आज्ञा टर्मिनल सोडून देतं आणि अडलेला प्रवाहही मोकळा होतो. बंद-चालू करण्यापेक्षा हे बरं, कारण स्क्रीनवर जे उमटलंय ते तसंच राहतं आणि तपासायला पुरावा हाताशी असतो.

मराठी नावाच्या फाईली

मराठी लोकांच्या मशीनवर हे दुखणं इतकं वारंवार का दिसतं, याचं कारण इथे आहे.

१९७० च्या दशकातल्या एक्मा-४८ आणि नंतरच्या आयएसओ ६४२९ मानकांनी आठ बिटांच्या संचातले हेक्स (सोळाच्या पायाचे आकडे) ८० ते ९एफ हे ३२ बाईट आज्ञांसाठी राखून ठेवले. त्यांना सी१ कंट्रोल म्हणतात. व्हीटी२२० ते पाळतं. यूटीएफ-८ मात्र हेच बाईट बिनदिक्कत अक्षरांच्या पोटात वापरतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाईटचं: पहिला ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा ८० पासून बीएफ पर्यंत काहीही. म्हणजे देवनागरीच्या १२८ जागांपैकी बरोबर निम्म्या, ६४ जागांचा शेवटचा बाईट आज्ञेच्या हद्दीत पडतो. ‘अ’ ते ‘औ’ स्वर, ‘क’ पासून ‘ट’ पर्यंतची व्यंजनं, दीर्घ वेलांटीपासून पुढच्या मात्रा आणि हलन्त, सगळे त्यात. ‘ठ’ पासून ‘ह’ पर्यंतची व्यंजनं आणि काना मात्र सुरक्षित.

‘पुणे’ बघा. ‘प’ चे बाईट ई० ए४ एए. पहिल्यावर टर्मिनल उलटा स्वरभार असलेला रोमन ए काढतं. ए४ ला डेकच्या बहुराष्ट्रीय अक्षरसंचात अक्षरच नेमलेलं नाही. एए म्हणजे वर चढवलेला छोटा ए. उकारातला ए५ म्हणजे येनची खूण. ‘ण’ च्या शेवटी ए३, म्हणजे पौंडाची खूण. मात्रेत पुन्हा येन. एवढ्याशा ‘पुणे’त एक पौंड आणि दोन येन दिसले तर दचकू नका. उकार आणि मात्रेचे शेवटचे बाईट, ८१ आणि ८७, व्हीटी२२० दुर्लक्षित करतं, त्यामुळे इथे नुसता कचरा उमटतो, नुकसान काही नाही.

नुकसान करणारी अक्षरं वेगळी आहेत. हलन्ताचा शेवटचा बाईट ८डी, त्याचा अर्थ ‘कर्सर एक ओळ वर न्या’. ‘पुस्तक’ लिहिलं की ‘पुस’ एका ओळीवर आणि ‘तक’ तिच्या वरच्या ओळीवर, तिथला मजकूर पुसून. ‘अ’ चा ८५, म्हणजे नवी ओळ. ‘ऐ’ ची मात्रा ८८, म्हणजे ‘कर्सर असेल तिथे टॅबचा थांबा लावा’. ही सगळ्यात लबाड. ‘मैदान’ नावाची फाईल एकदा स्क्रीनवर येऊन गेली की त्या क्षणी काहीच होत नाही, पण ‘एलएस’ रकाने लावायला टॅब वापरतं, त्यामुळे त्यानंतरची प्रत्येक यादी वाकडी येते. लोक ‘एलएस’ला दोष देत बसतात. ‘टॅब्ज -८’ ही कमांड थांबे पुन्हा आठ-आठ अक्षरांवर बसवते.

स्क्रीन मुकी करणारं अक्षर म्हणजे ‘ऐ’ स्वर. त्याचा तिसरा बाईट ९०. व्हीटी२२० च्या लेखी तो ‘डिव्हाइस कंट्रोल स्ट्रिंग सुरू’ असा इशारा आहे. फंक्शन कींना आपला मजकूर नेमून द्यायचा किंवा टर्मिनलमध्ये नवी अक्षरं भरायची तर माहिती या मार्गाने जाते. हा इशारा आला की पुढचं सगळं टर्मिनल स्क्रीनवर न काढता गिळत जातं. ‘संपलं’ असं सांगणारा बाईट म्हणजे ९सी, आणि ९सी हा ‘ज’ चा शेवटचा बाईट. म्हणून ‘ऐवज’ नावाची फाईल स्वतःच दार लावून घेते: ‘ऐ’ ने सुरू, ‘व’ गिळला, ‘ज’ ने बंद. ‘ऐपत’ नावाची फाईल मात्र दार उघडं टाकून जाते. (९० हे ऑक्टलमध्ये लिहिलं तर २२० होतं. योगायोगच, पण लक्षात ठेवायला बरा.)

हे गिळणं कुठवर चालतं ते मशीनवर अवलंबून आहे. एस्केप बाईट आला की अर्धवट स्ट्रिंग रद्द होते. बॅश या शेलच्या ५.१ पासून प्रॉम्प्टच्या आधी एक एस्केप जातोच, त्यामुळे नव्या मशीनवर टर्मिनल पुढच्या प्रॉम्प्टला आपोआप सुटतं आणि तक्रार फक्त ‘यादीतल्या मधल्या फाईली दिसत नाहीत’ एवढीच उरते. ‘टेल -एफ’ ने साधा लॉग लावून ठेवला असेल तर मात्र एक ‘ऐ’ येऊन गेल्यावर स्क्रीन सकाळपर्यंत गप्प.

‘छ’ चा बाईट ९बी, म्हणजे एस्केप आणि चौकटी कंस या जोडीचा अवतार. तो पुढचा एखादा बाईट खाऊन थांबतो, फार त्रास देत नाही. ‘छ’ च्या लगेच पुढे रोमन अक्षर किंवा आकडा आला तर मात्र तो आज्ञा म्हणून वाचला जातो.

एवढं वाचून यूटीएफ-८ आपल्याच लिपीवर उठलंय असं वाटेल, पण इंग्रजीतही हेच होतं. मॅन पेजमध्ये जी खरी संयोगरेषा येते (साधी वजाबाकीची खूण नव्हे, युनिकोडमधली वेगळी), तिचे बाईट ई२ ८० ९०. पुन्हा तोच ९०. एकही मराठी अक्षर नसलेल्या मशीनवर मॅन पेजचे तुकडे गायब होतात ते यामुळे. जीसीसी कंपायलरच्या त्रुटीसंदेशांतली वळणदार अवतरणं आणि ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’मधला गोल ठिपका यांच्याही पोटात सी१ मधले बाईट आहेत.

आपल्याकडे ही अडचण एकदा नीट सुटली होती. इस्की मानकात, म्हणजे आयएस १३१९४:१९९१ मध्ये, भारतीय अक्षरं ए१ पासून एफए पर्यंतच ठेवली आहेत, ८० ते ९एफ ला हात लावलेला नाही. मराठी मजकूर आठ बिटांच्या युनिक्स टर्मिनलवरून गेला तर वाचता येणार नाही कदाचित, पण टर्मिनल गोठणारही नाही. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रावर देवनागरी दाखवणारी टर्मिनलं बनवली ती याच मांडणीवर. आता सगळं यूटीएफ-८ झालंय, त्याला इलाज नाही.

आठवा बिट कापला जात असेल तर

कीबोर्ड अडण्याचं दुखणं इथलं. काही मशीनवर सिरियल लाइन अजून सात बिट, सम पॅरिटीवर (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) असते, आणि टर्मिनलही जुन्या मालकाने तसंच लावून ठेवलेलं असतं. इंग्रजी अगदी छान चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. ‘एसटीटीवाय -ए’ मध्ये ‘सीएस७’ आणि ‘पॅरेनबी’ दिसलं की समजा. या स्थितीत सिरियल चिप प्रत्येक बाईटचा वरचा बिट टाकून देते.

मग ई० ए४ ची जोडी उलटं अवतरण आणि डॉलर अशी दिसते. स्क्रीनभर या दोन खुणांचा सडा पडला असेल तर निदान झालं. मात्रेचा ८७ होतो ०७, म्हणजे घंटा: ‘मेळे’ला दोनदा टुंग. हलन्त होतो कॅरेज रिटर्न, कर्सर ओळीच्या सुरुवातीला जाऊन आधीचं खोडत लिहितो. ‘ऊ’ म्हणजे लाइन फीड. आणि ‘ओ’ चा ९३ होतो १३, म्हणजे एक्सऑफ: ‘पाठवणं थांबव’. टर्मिनल लगेच थांबतं, कीबोर्डवरून एक अक्षर पुढे जात नाही. ‘ओळख’ नावाच्या फाईलने कीबोर्ड बंद पडतो तो असा. सोडवणारा एक्सऑन म्हणजे ११, आणि तो नेमका ‘ऑ’ च्या पोटात. ‘ओळख’ने बंद, ‘ऑफिस’ने चालू. इंग्रजीतल्या मध्यम लांबीच्या आडव्या रेघेचाही शेवटचा बाईट ९३ आहे, म्हणजे तीही हेच करते.

दोन्हीकडे आठ बिट, पॅरिटी नाही असं करा: मशीनवर ‘एसटीटीवाय सीएस८ -पॅरेनबी’, टर्मिनलवर सेट-अपमधल्या ‘कॉम’च्या पानावर ‘८ बिट्स, नो पॅरिटी’. कीबोर्ड अडणं थांबेल. पण एवढ्यावर थांबलात तर आगीतून फुफाट्यात, कारण आता वरचं ‘ऐ’ चं प्रकरण सुरू होईल.

खरा उपाय: टर्मिनलला यूटीएफ-८ पाठवूच नका

सेट-अपमध्ये ‘७ बिट कंट्रोल्स’ आणि ‘८ बिट कंट्रोल्स’ असे दोन पर्याय दिसतात. सात निवडलं की सुटलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते सेटिंग टर्मिनल काय पाठवतं त्याचं आहे. येणारे आठ बिटांचे बाईट व्हीटी२०० मोडमध्ये दोन्ही पर्यायांत आज्ञा म्हणूनच वाचले जातात.

सोडवायचं ते मशीनकडून. त्या एका लाइनपुरतं लोकेल (भाषा आणि अक्षरपद्धतीची निवड) ‘सी’ करा. आपल्या प्रोफाइल फाईलमध्ये ‘टीटीवाय’ कमांडचं उत्तर तपासा, ते सिरियल पोर्ट असेल तरच ‘एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी’ आणि ‘एक्सपोर्ट टर्म=व्हीटी२२०’ करा. ‘लँग’ पुरेसं नाही, पुढे कुठेतरी दुसरी एलसी व्हेरिएबलं त्याला ओलांडतात. आणि निव्वळ ‘सी’ हवं. ‘सी.यूटीएफ-८’ हे नाव सारखं दिसलं तरी त्याने काहीच साधत नाही.

यानंतर ‘एलएस’ मराठी नावं ऑक्टल आकड्यांत दाखवेल, ‘ऐ’ च्या जागी ३४० २४४ २२० असं. मॅन साधी वजाबाकीची खूण वापरेल, जीसीसी साधी अवतरणं. ‘लेस’ अनोळखी बाईट टोकदार कंसांत हेक्समध्ये देईल, फक्त त्याला ‘-आर’ पर्याय लावू नका. ‘कॅट’ला मात्र लोकेलशी काही देणंघेणं नाही, ते बाईट जसेच्या तसे ढकलतं. मराठी फाईल ‘कॅट’ करायचीच असेल तर ‘कॅट -व्ही’.

मराठी मजकूर वाचायचाही असेल तर आयसीयू या युनिकोड लायब्ररीसोबत येणारं ‘यूकॉन्व्ह’ हाताशी ठेवा. ‘-एक्स’ नंतर ‘एनी-लॅटिन; लॅटिन-आस्की’ असं (मध्ये अर्धविराम) अवतरणात दिलं की देवनागरीचं रोमन लिप्यंतर मिळतं. शेवटचा अकार ते सोडत नाही, ‘ऐपत’चं ‘ऐपता’ वाचल्यासारखं वाटतं, पण काम भागतं. व्हीटी२२० मध्ये ९४ अक्षरांचा आपला संच भरता येतो, त्यात देवनागरी बसवण्याची हौस कुणाला असेल तर जरूर करावी. जोडाक्षरांपाशी फेस येईल.

माझ्या मते रोजच्या वापरासाठी सगळ्यात सोपा मार्ग टीमक्स, म्हणजे टर्मिनलच्या आत टर्मिनल चालवणारा प्रोग्रॅम. वरची दोन व्हेरिएबलं लावून टर्मिनलवरून टीमक्समध्ये शिरा. बाहेरचं लोकेल यूटीएफ-८ नाही हे बघून तो अशा अक्षरांच्या जागी अधोरेषा पाठवतो, रंगांच्या आज्ञाही टर्मिनलला झेपतील तेवढ्याच जाऊ देतो. लॅपटॉपवर सुरू केलेलं सेशनच टर्मिनलवर उघडलंत तरी चालतं, आतले प्रोग्रॅम यूटीएफ-८ बोलत राहिले तरी बाहेर गाळूनच येतं.

अक्षरं लुकलुकतात

हे जवळजवळ नेहमी ‘टर्म’चं दुखणं. ‘एको $टर्म’ करा. उत्तर ‘एक्सटर्म-२५६कलर’ आलं तर चोर सापडला. २५६ रंगांची आज्ञा ३८;५;क्रमांक अशी असते. व्हीटी२२० ला ३८ कळत नाही, ते सोडून देतं, पण ५ कळतो: लुकलुक. पुढचा क्रमांक १ असला तर ठळक, ४ असला तर अधोरेखित, ७ असला तर उलट रंग. म्हणून कुठे लुकलुकणारं अधोरेखित, कुठे लुकलुकणारं ठळक असा तमाशा दिसतो.

सिस्टमडीचं सिरियल गेटी (लाइनवर लॉगिन मागणारा प्रोग्रॅम) ‘टर्म’ ला बरोबर व्हीटी२२० देतं. बिघडवतं ते आपलंच बॅशआरसी (शेल सुरू होताना वाचतं ती फाईल): कुणाची तरी डॉटफाईल उचललेली असते आणि तिच्यात ‘एक्सपोर्ट टर्म’ची ओळ बसलेली असते. ती ओळ काढा. ‘टर्म’ हे टर्मिनलने किंवा गेटीने सांगायचं असतं, शेलने ठरवायचं नसतं. दर एसएसएचनंतरही तपासा, कारण पलीकडच्या मशीनवरची आरसी फाईल वेगळी असते, आणि ‘इथे ठीक, तिथे बिघडलेलं’ ही तक्रार तिथूनच येते. काही प्रोग्रॅम ‘टर्म’ न बघताच रंग पाठवतात. त्यांच्यासाठी टीमक्स.

प्रॉम्प्टमध्ये खिडकीचं शीर्षक बदलणारी आज्ञा असेल तर तीही काढा. जुन्या टर्मिनलला खिडकी नाही. कुणी तो मजकूर छापतं, कुणी प्रॉम्प्टसकट गिळतं.

टर्मिनल डेकचं नसून वायझ ६० असेल तर ते आपल्या मूळ मोडमध्ये डेकची भाषा मुळीच बोलत नाही. ‘टर्म=वायझ६०’ हवं, आणि डेबियनवर त्याची नोंद ‘एनकर्सेस-टर्म’ पॅकेजमधून आणावी लागते.

लहान अक्षरांच्या जागी रेघा

चुकून बायनरी फाईल ‘कॅट’ केली की हे होतं. त्यातल्या एखाद्या बाईटने टर्मिनलला रेखाचित्रांच्या संचात ढकललेलं असतं. ओळखायची खूण: मोठी अक्षरं आणि आकडे शाबूत, फक्त लहान अक्षरं बदललेली. एक्सच्या जागी उभी रेघ, क्यूच्या जागी आडवी, एलच्या जागी कोपरा, जीच्या जागी अधिक-उणे, एफच्या जागी अंशाची खूण. टाइप केलेलं चित्रविचित्र दिसलं तरी मशीनला बरोबर पोचतं, तेव्हा न डगमगता ‘प्रिंटएफ’ आणि अवतरणात बॅकस्लॅश ०१७ द्या. फरक पडला नाही तर ‘टीपुट आरएमएसीएस’.

बाकीची किरकोळ दुखणी

व्हीआय अर्धीच स्क्रीन वापरतो किंवा मजकूर एकमेकांवर चढतो: सिरियल लाइनवर स्क्रीनचा आकार कुणी सांगत नाही. ‘एसटीटीवाय साइझ’ने दोन शून्यं दिली तर ‘एसटीटीवाय रोज २४ कॉलम्स ८०’ प्रोफाइलमध्येच टाका. १३२ कॉलमवर जाताना मशीनलाही सांगावं लागतं. लांब ओळीची शेवटची अक्षरं ८० व्या घरात एकावर एक पडत असतील तर डिस्प्लेच्या पानावर ‘नो ऑटो रॅप’ आहे, ते ‘ऑटो रॅप’ करा.

ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत जातात, रिटर्न चालत नाही: एखादा प्रोग्रॅम मध्येच कोसळलाय. कंट्रोल-जे, मग ‘एसटीटीवाय सेन’, पुन्हा कंट्रोल-जे.

सगळंच अगम्य दिसत असेल तर वेग जुळत नाही. गेटी ११५२०० वर आणि व्हीटी२२० ची मजल १९२०० पर्यंत, हे नेहमीचं. काही ठरावीक अक्षरंच चुकत असतील, आणि दर वेळी तीच, तर पॅरिटी जुळत नाही: लहान ए मध्ये १ चे तीन बिट असतात म्हणून सम पॅरिटीत त्याला वरचा बिट लागतो, सी मध्ये चार असतात म्हणून लागत नाही. कधी हे अक्षर, कधी ते असं होत असेल तर मात्र केबल. जोरात स्क्रोल होतानाच अक्षरं गळत असतील तर मशीनवर ‘एसटीटीवाय आयएक्सऑन’ आणि टर्मिनलवर ‘एक्सऑफ अ‍ॅट ६४’ बघा, स्मूथ स्क्रोल काढून जंप स्क्रोल लावा.

खऱ्या जुन्या युनिक्सवर आणखी एक गंमत होते: सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत, आणि खरोखरच मोठं असलेल्या अक्षराआधी बॅकस्लॅश. लॉगिनच्या वेळी कॅप्स लॉक चालू होता. नाव मोठ्या अक्षरांत आलं की लॉगिन प्रोग्रॅम समजतो की समोर टेलिटाइप ३३ सारखं लहान अक्षरं नसलेलं यंत्र आहे. लॉग आउट करून लहान अक्षरांत परत या, किंवा ‘एसटीटीवाय -एलकेस’.

टर्मिनलवर जे बदल कराल ते सेट-अपच्या पहिल्या पानावरच्या ‘सेव्ह’ने साठवा, नाहीतर वीज गेली की सगळं पहिल्यासारखं. शेजारीच ‘डीफॉल्ट’ आहे, तो दाबण्याआधी ‘कॉम’च्या पानाचा फोटो काढून ठेवा.